बारावी कॉमर्सचं अर्थशास्त्र: ठाण्यातून केलेली दोन वर्षं

दहावीनंतर कॉमर्स घेतलं की घरचे, शेजारचे, क्लासवाले सगळे एकच सांगतात: अकाउंट्सकडे लक्ष दे, ईको काय शेवटच्या महिन्यात वाचून होतं. फेब्रुवारी-मार्च २०२५ ची बोर्डाची परीक्षा मराठी माध्यमातून दिल्यावर मी याच्या नेमकं उलट सांगेन. नुसतं वाचून अर्थशास्त्रात पास होता येतं, पण चांगले गुण पेन्सिल हातात घेऊन केलेल्या कामाला मिळतात. आकृतीच्या अक्षाला नाव आहे का, निर्देशांकात वजन कोणत्या वर्षाचं घेतलं, ‘विस्तार’ म्हणायचं होतं तिथे ‘वृद्धी’ लिहिलं का, यावर गुण ठरतात. यंदा अकरावीला बसणाऱ्यांना सुरुवातीपासूनच अंदाज यावा म्हणून दोन वर्षांचा क्रम सविस्तर लिहिते आहे.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. आमचा दहावीचा निकाल २ जून २०२३ ला लागला. तेव्हा ऑनलाइन केंद्रीय प्रवेश मुंबई महानगर क्षेत्रासाठी होते आणि ठाणे, नवी मुंबई त्यात येत होतं. २०२५ पासून ही प्रक्रिया राज्यभर एकच झाली असून नोंदणीचे १०० रुपये भरावे लागतात. अर्जाच्या पहिल्या भागात स्वतःची माहिती आणि दाखले, दुसऱ्या भागात १ ते १० कॉलेजांचा पसंतीक्रम. यादीत एकच कॉलेज दोन-तीनदा दिसतं आणि प्रत्येक वेळी त्याचा कोड वेगळा असतो, कारण शाखा, माध्यम आणि अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित हे प्रत्येक ओळीत बदलतं. नाव बघून कोड टाकला की पुढे फी अनेक पटींनी वाढलेली दिसते, किंवा माध्यम इंग्रजी निघतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर खरोखर जायचं तेच कॉलेज टाका. मराठीतून पेपर लिहायचा असेल तर त्या कॉलेजात कॉमर्सची मराठी तुकडी प्रत्यक्षात भरते का, हे ऑफिसच्या खिडकीवर आधीच विचारून घ्या. ठाण्यात इंग्रजी माध्यमाच्या तुकड्याच जास्त आहेत.

पुस्तकासाठी थांबून राहू नका. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी आणि बारावीची दोन्ही पुस्तकं मराठीत फुकट उतरवून घेता येतात. गाइड नंतर घेतलं तरी चालतं. व्याख्या मात्र पाठ्यपुस्तकातल्याच लिहायच्या.

अकरावीच्या दहा प्रकरणांत खरी मेहनत तिसऱ्याला लागते: विभाजन मूल्ये. संख्यामालेचे चार, दहा आणि शंभर समान भाग करणारी मूल्ये, म्हणजे चतुर्थक, दशमक, शतमक. बाकीचं प्रकरण वाचून कळतं, हे मात्र सोडवल्याशिवाय कळत नाही. गणितं चुकायची कारणं ठरलेली आहेत. एक, दिलेली संख्यामाला चढत्या क्रमात न लावताच सूत्र वापरणं. दोन, सुट्या निरीक्षणांसाठी (एन + १) ÷ ४ असतं (एन म्हणजे निरीक्षणांची संख्या) आणि अखंडित श्रेणीसाठी, म्हणजे ०-१०, १०-२० असे वर्ग असतील तेव्हा, एन ÷ ४, यात होणारी गफलत. तिसरं कारण सर्वात जास्त गुण खातं. अखंडित श्रेणीत चतुर्थक ज्या वर्गात पडतो त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता (तिथपर्यंतच्या वारंवारतांची बेरीज) सूत्रात घ्यायची असते, पण घाईत त्याच वर्गाची घेतली जाते. वहीत संचित वारंवारतेच्या स्तंभात ज्या संख्येत चतुर्थक सापडला तिच्या वरच्या ओळीतल्या संख्येला गोल करायची सवय लावली की हे थांबतं. उत्तर आल्यावर ते त्या वर्गाच्या खालच्या आणि वरच्या मर्यादेच्या मध्ये बसतं का, तेवढं बघायचं. बसत नसेल तर वरचंच काहीतरी झालेलं असतं.

पैसा, ग्रामीण विकास, बेरोजगारी, दारिद्र्य, १९९१ नंतरची धोरणं, नियोजन ही प्रकरणं बारावीच्या पेपरात येत नाहीत, म्हणून मुलं सोडून देतात. तसं करू नका. बारावीतल्या सार्वजनिक वित्त, विदेशी व्यापार या प्रकरणांचा पाया १९९१ च्या उदारीकरणात आहे. लोकसंख्येच्या प्रकरणात ठाण्याच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १,१०,६०,१४८. पण १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. त्यामुळे प्रकल्पात २०११ चा आकडा आजच्या ठाणे जिल्ह्याचा म्हणून लिहिला तर चूक होते, आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३५ नव्हे, ३६ मोजायचे.

जून २०२४ ला बारावी सुरू झाली. पुस्तकातली प्रकरणं अशी: सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्राचा परिचय, उपयोगिता विश्लेषण, मागणीचं विश्लेषण आणि मागणीची लवचिकता (हे एकाच क्रमांकाखाली दोन भाग), पुरवठा विश्लेषण, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार व भांडवल बाजार, विदेशी व्यापार. उपयोगितेपासून बाजारापर्यंतचा भाग एका दमात, मध्ये खंड न पाडता करावा असं माझं ठाम मत आहे. घटत्या सीमान्त उपयोगितेतून (प्रत्येक पुढच्या नगातून मिळणारं जादा समाधान कमी होत जातं, यातून) मागणीचा उतरता वक्र निघतो, मागणी आणि पुरवठा एकमेकांना छेदतात तिथे पूर्ण स्पर्धेतली समतोल किंमत ठरते. हे तुटक केलं तर प्रत्येक प्रकरण नव्याने पाठ करावं लागतं.

उपयोगितेचे प्रकार पाठ करताना वाशीचं एपीएमसी (बाजार समितीचं) मार्केट डोळ्यासमोर ठेवलं की विसरत नाही. लासलगावचा कांदा ट्रकने वाशीला आला, ही स्थल उपयोगिता. तोच साठवून पावसाळ्यात विकला, ही काल उपयोगिता. बटाट्याचे वेफर्स झाले, ही रूप उपयोगिता. ‘संकल्पना ओळखा’ या प्रश्नात नेमकं असंच वाक्य येतं आणि दोन गुण असतात: नावाला एक, स्पष्टीकरणाला एक. नुसतं ‘उपयोगिता’ लिहून नावाचा गुण मिळत नाही.

एकूण आणि सीमान्त उपयोगितेच्या कोष्टकात तीन गोष्टी बरोबर याव्या लागतात. एकूण उपयोगिता सर्वोच्च असते तिथे सीमान्त उपयोगिता शून्य, हाच तृप्तीचा बिंदू. त्यानंतर सीमान्त ऋण होते आणि एकूण घटायला लागते. आलेखात सीमान्ताचा वक्र क्ष अक्षाच्या खाली उतरलेला दिसायलाच हवा. बरीच मुलं तो अक्षावरच संपवतात.

मागणीच्या प्रकरणात सगळ्यात जास्त गोंधळ ‘मागणीतील विचलन’ आणि ‘मागणीतील बदल’ यात होतो. किंमत बदलली आणि इतर घटक कायम राहिले तर आपण त्याच वक्रावर वर-खाली सरकतो. खाली गेलो तर विस्तार, वर गेलो तर संकोच. किंमत तीच राहून उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत यांपैकी काही बदललं तर सगळा वक्रच सरकतो. उजवीकडे वृद्धी, डावीकडे ऱ्हास. प्रश्न वाचताना पहिल्यांदा ‘किंमत बदलली का?’ एवढंच विचारायचं. आंबा स्वस्त झाला म्हणून जास्त घेतला, तर विस्तार. पगार वाढला म्हणून जास्त घेतला, तर वृद्धी. आकृतीत विस्तार-संकोचाला एकच वक्र असतो आणि त्यावर दोन बिंदू. वृद्धीला दोन वक्र असतात आणि किंमतीची रेषा आडवी एकच. हे उलटं काढलं की खालचं स्पष्टीकरण कितीही चांगलं असलं तरी आकृतीचा गुण जातो.

लवचिकता म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती प्रमाणात बदलते ते. तिची बिंदू पद्धत कोऱ्या कागदावर खरोखर मोजून करा. दोन्ही अक्षांना टेकणारी ८ सेंटीमीटरची तिरकी रेषा काढा. सूत्र आहे: बिंदूच्या खालचा भाग भागिले वरचा भाग. बरोबर मध्यावर ४ ÷ ४, म्हणजे १. वरच्या टोकापासून २ सेंटीमीटरवर ६ ÷ २, म्हणजे ३. खालच्या टोकापासून २ सेंटीमीटरवर २ ÷ ६, म्हणजे सुमारे ०.३३. य अक्षावर लवचिकता अनंत, क्ष अक्षावर शून्य. एकदा पट्टीने मोजून केलं की ‘एकाच सरळ मागणी वक्रावर लवचिकता सगळीकडे सारखी असते’ अशा विधानाला असहमत का म्हणायचं हे आपोआप कळतं.

आकृत्यांबद्दल आणखी एक सांगायला हवं. पेन्सिल, पट्टी, दोन्ही अक्षांना नावं (य अक्षावर किंमत, क्ष अक्षावर मागणी किंवा पुरवठा), आरंभबिंदूला शून्य, वक्राला नाव, आणि खाली दोन-तीन ओळींत स्पष्टीकरण. आकृती निम्म्या पानाची काढावी. कोपऱ्यात चिमुकली काढलेली आकृती तपासणाऱ्याला वाचता येत नाही.

आता निर्देशांक (आधारभूत वर्षाच्या तुलनेत भाव किती बदलले ते दाखवणारा आकडा), कारण इथे गणित येतं म्हणून मुलं ऑप्शनला टाकतात, आणि खरं तर सगळ्यात खात्रीचे गुण इथेच आहेत. कॅल्क्युलेटर नेता येत नाही, म्हणून भागाकार हाताने करायची सवय लागते. साध्या किंमत निर्देशांकात चालू वर्षाच्या किंमतींची बेरीज भागिले आधारभूत वर्षाच्या किंमतींची बेरीज, गुणिले १००. भारित निर्देशांकात दोन पद्धती. सूत्रांत पी म्हणजे किंमत, क्यू म्हणजे नगसंख्या, ० म्हणजे आधारभूत वर्ष, १ म्हणजे चालू वर्ष आणि सिग्मा म्हणजे बेरीज. लास्पेअरमध्ये वजन आधारभूत वर्षाच्या नगसंख्येचं: सिग्मा पी१क्यू० भागिले सिग्मा पी०क्यू० गुणिले १००. पाशेमध्ये वजन चालू वर्षाच्या नगसंख्येचं: सिग्मा पी१क्यू१ भागिले सिग्मा पी०क्यू१ गुणिले १००.

एका घराचं कल्पित उदाहरण घेऊ. आधारभूत वर्षी तांदूळ ४० रुपये किलो, तूरडाळ १००, तेल १२० रुपये लिटर, आणि महिन्याची खरेदी अनुक्रमे १०, ४, ३. चालू वर्षी भाव ५०, १४०, १५० आणि खरेदी ९, ३, ३. लास्पेअरचा छेद: ४०० + ४०० + ३६० = ११६०. अंश: ५०० + ५६० + ४५० = १५१०. निर्देशांक १३०.१७. पाशेचा छेद: ३६० + ३०० + ३६० = १०२०. अंश: ४५० + ४२० + ४५० = १३२०. निर्देशांक १२९.४१. डाळ सगळ्यात जास्त महागली, घराने ती कमी केली, म्हणून नव्या खरेदीचं वजन घेतल्यावर वाढ किंचित कमी दिसते. दोन उत्तरं वेगळी का येतात याचं हे कारण. ते लक्षात असेल तर सूत्रांची अदलाबदल सहसा होत नाही. गणितात चार गुणाकारांचे स्तंभ आधी आखून घ्यावेत आणि प्रत्येक बेरीज दुसऱ्यांदा खालून वर करावी. उत्तराखाली ‘किंमत निर्देशांक = १३०.१७’ असं पूर्ण वाक्य लिहावं.

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. प्रकल्पासाठी निर्देशांक हाच विषय घेतला तर एका दगडात दोन पक्षी मारले जातात. ठाण्यात हे सोपं आहे. जांभळी नाक्याच्या मंडईत ठरलेल्या वारी कांदा, बटाटा, टोमॅटो यांचे किरकोळ भाव वहीत टिपायचे आणि त्याच दिवसाचे वाशी बाजार समितीचे घाऊक भाव कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून घ्यायचे. तिथे आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे स्तंभ असतात. तुलनेला सर्वसाधारण दर घ्यायचा. घाऊक भाव क्विंटलचा आणि किरकोळ किलोचा असतो, म्हणून घाऊक भावाला आधी १०० ने भागायचं. हे विसरून काढलेले निर्देशांक प्रकल्पांत सर्रास दिसतात. भाज्यांची प्रतही सारखी ठेवा. एका आठवड्यात नाशिकचा मोठा कांदा आणि पुढच्या आठवड्यात बारीक कांदा घेतला तर निर्देशांकाला अर्थ उरत नाही. आधारासाठी सणासुदीचा किंवा अतिवृष्टीचा आठवडा नको. पुस्तकात आधारभूत वर्ष ‘सामान्य’ असावं असं म्हटलंय ते याचसाठी, आणि तोंडीत हा प्रश्न हमखास विचारतात.

राष्ट्रीय उत्पन्नात खर्च पद्धतीचं सूत्र (उपभोग + गुंतवणूक + सरकारी खर्च + निव्वळ निर्यात) सगळ्यांना येतं. गुण जातात ते दुहेरी मोजणीच्या उदाहरणात आणि घसारा (यंत्रसामग्रीची झीज) कुठे वजा करायचा यात. स्थूलातून घसारा गेला की निव्वळ. देशांतर्गत उत्पादनात परदेशातून आलेलं निव्वळ उत्पन्न मिळवलं की राष्ट्रीय. हे दोन बदल वेगवेगळे आहेत, ते एकत्र मिसळू नयेत.

ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास बोर्डाचे अर्ज कॉलेजमार्फत भरले गेले. अर्जाची प्रिंट सहीसाठी हातात येते तेव्हा नाव, आईचं नाव, विषय आणि माध्यम हे चारही एक-एक अक्षर वाचून बघा. माध्यम चुकलं तर प्रश्नपत्रिका दुसऱ्या भाषेत समोर येते, आणि ही दुरुस्ती कॉलेजमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जाते, म्हणून वेळ लागतो. जानेवारीत हॉल तिकीट आलं. ते कॉलेज प्रिंट काढून सही-शिक्क्यासह देतं, त्याचे पैसे घेत नाहीत. हरवलं तर लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारून दुसरं मिळतं.

त्याच दिवसांत १ फेब्रुवारी २०२५ चा केंद्रीय अर्थसंकल्प आला आणि ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला. इंग्रजीचा पहिला पेपर ११ फेब्रुवारीला होता, त्यामुळे ताण वाढतो: हे सगळं पाठ करायचं का? गरज नाही. पेपर पाठ्यपुस्तकावर असतो. पण सार्वजनिक वित्ताच्या उत्तरात तुटीच्या अर्थसंकल्पाची व्याख्या लिहून झाल्यावर २०२५-२६ साठी राजकोषीय तूट जीडीपीच्या ४.४ टक्के अंदाजली होती, असं एक वाक्य घातलं तर उत्तर जिवंत वाटतं. एकच वाक्य, आणि आकड्याची खात्री असेल तरच.

पेपर ८० गुणांचा, सकाळच्या सत्रात ११ ते २.१०. शेवटची दहा मिनिटं वाढीव आहेत. साडेदहाला वर्गात बसावं लागतं. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी त्या वाहतुकीचा हिशेब धरूनच निघावं.

प्रश्नांची रचना अशी: प्रश्न १ वस्तुनिष्ठ, २० गुण. प्रश्न २ मध्ये संकल्पना ओळखा आणि फरक स्पष्ट करा, ६ अधिक ६. प्रश्न ३ थोडक्यात उत्तरं, १२. प्रश्न ४ सहमत-असहमत, १२. प्रश्न ५ कोष्टक, आकृती, उतारा, ८. प्रश्न ६ सविस्तर, १६. सरावात बसलेली वेळ क्रमाने २५, २५, ३०, ३५, २० आणि ४० मिनिटं, म्हणजे १७५. उरलेली १५ मिनिटं आकृत्यांची नावं, प्रश्न क्रमांक आणि पुरवणीचा आकडा तपासायला. प्रश्न ६ शेवटी ठेवला तर घाईत आकृती राहते. मी तो प्रश्न १ नंतर लगेच घेण्याच्या बाजूची आहे, कारण एकेका उत्तराला ८ गुण आहेत.

सहमत-असहमतमध्ये पहिल्या ओळीत ‘मी या विधानाशी असहमत आहे’ हे लिहायचंच, मग कारणं मुद्द्यांनी. ‘मागणीच्या नियमाला अपवाद नाहीत’ असं आलं तर गिफेन वस्तू (हलक्या प्रतीच्या, किंमत उतरली तरी मागणी घटणाऱ्या), प्रतिष्ठेच्या वस्तू, किंमतीबाबतचा भ्रम, सवय, आणि प्रत्येकाला एक ओळ. फरक स्पष्ट करताना दोन स्तंभ करून समोरासमोर एकाच निकषावर लिहायचं. डावीकडे व्याख्या आणि उजवीकडे उदाहरण लिहिलं तर तो फरक होत नाही. उताऱ्याचा चौथा प्रश्न बहुधा स्वतःचं मत विचारतो. तिथे उताऱ्यातलीच वाक्यं उतरवू नका.

निकाल ५ मे २०२५ ला दुपारी १ वाजता ऑनलाइन लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता. अर्थशास्त्रात अपेक्षेपेक्षा कमी गुण दिसले तर तीन वाटा आहेत आणि त्यांचा क्रम कळायला हवा. गुणपडताळणीला विषयाला ५० रुपये, यात बेरीज आणि न तपासलेलं उत्तर एवढंच बघतात. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४०० रुपये. पुनर्मूल्यांकनाला ३००, पण त्याआधी छायाप्रत घेतलेलीच असावी लागते. आमच्या वेळी अर्जाची मुदत ६ ते २० मे होती, सगळं मंडळाच्या संकेतस्थळावरून. छायाप्रत हातात आली की आधी प्रत्येक उपप्रश्नाचे गुण मुखपृष्ठावरच्या चौकटीशी जुळवा, मग पुरवणीतली उत्तरं तपासली आहेत का ते बघा, आणि त्यानंतर आकृत्या आणि गणितांकडे वळा, कारण तिथे चूक-बरोबर वाद न घालता दाखवता येतं. विषयशिक्षकांना ती प्रत दाखवून त्यांचं मत घ्या. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत करावा लागतो, म्हणून शिक्षकांची वेळ आधीच ठरवून ठेवा.